सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र

माजी सैनिक, वीरपत्नी आणि सेवेतील जवानांची कुटुंबे यांच्यासाठी असलेल्या सवलती व सेवांवर देखरेख ठेवणारी महाराष्ट्र शासनाची यंत्रणा. ती सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येते. संचालनालय पुण्यात असून जिल्हा पातळीवरील काम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये पाहतात. त्यांचा खर्च केंद्र व राज्य मिळून उचलतात.

निवृत्तिवेतन आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेची वैद्यकीय सेवा केंद्राकडून मिळते. मात्र गावी परतलेल्या सैनिकाची गाठ सातबारा, घरपट्टी, मुलांचे प्रवेश आणि दुसरी नोकरी यांच्याशी पडते, आणि हे सारे राज्याच्या हाती असते. म्हणूनच सातारा, सांगली, कोल्हापूर यांसारख्या सैनिकी परंपरेच्या जिल्ह्यांत या कार्यालयाचे महत्त्व विशेष आहे.

जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हा सहसा सैन्यदलातून निवृत्त झालेला अधिकारी असतो, आणि ही तरतूद अत्यंत योग्य आहे, कारण येथील बरेचसे काम लष्करी कागदपत्रांचे असते. पत्नीचे नाव किंवा जन्मतारीख डिस्चार्ज बुकात, म्हणजे सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या नोंदपुस्तिकेत, एक आणि आधार कार्डावर दुसरी असली, की सैनिकाच्या मृत्यूनंतर कुटुंब निवृत्तिवेतन अडते. मग प्रतिज्ञापत्र व इतर पुरावे जोडून सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बाबतीत बेळगावला, दुरुस्तीसाठी पत्रव्यवहार करावा लागतो. नवऱ्याच्या पश्चात एकट्या पडलेल्या बाईला हा कागद पुढे सरकवून देणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी भेटणे, ही कोणत्याही अनुदानाइतकीच मोलाची मदत आहे.

माजी सैनिक व विधवांना ओळखपत्रे देणे, त्यांच्या पाल्यांसाठी वसतिगृहे व सैनिकांसाठी विश्रामगृहे चालवणे, ही विभागाची नित्याची कामे होत. राज्य शासकीय सेवेतील गट क व गट ड पदांमध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या जागांमधूनच दिलेले आरक्षण, आहे. परंतु पात्र उमेदवार न मिळाल्यास त्या जागा पुढील भरतीसाठी राखून ठेवल्या जात नाहीत, त्यामुळे जाहिरातीची माहिती वेळेवर गावोगाव पोहोचवणे गरजेचे ठरते. 2020 मध्ये शासनाने माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांना मालमत्ता करात माफी दिली. तिची अंमलबजावणी ग्रामपंचायती व नगरपालिकांकडे असल्याने लाभार्थ्याला विभागाचे प्रमाणपत्र घेऊन तेथे अर्ज करावा लागतो.

दरवर्षी 7 डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनापासून जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने निधी संकलन सुरू होते. हा निधी युद्धात जखमी झालेले जवान, वीरपत्नी व गरजू माजी सैनिक यांच्या कल्याणासाठी वापरला जातो.