साउंड कार्ड : जुने कार्ड बदलणे

संगणकातील अंकीय ध्वनिविदा ऐकण्याजोग्या विद्युत् संकेतात बदलणारे आणि बाहेरचा आवाज उलट मार्गाने अंकीय रूपात आत घेणारे जोडकार्ड म्हणजे साउंड कार्ड. ‘ध्वनी कार्ड’ असेही लिहितात; बोलण्यात मात्र साउंड कार्ड हाच शब्द आहे. जुने झालेले कार्ड बदलावे की ठेवावे, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे. कार्डाची रोजची जोडणी व वापर वाचकाला माहीत आहे असे धरले आहे.

पूर्वपीठिका : पहिले साउंड कार्ड कोणते यावर एकमत नाही, आणि हा वाद बदलाच्या प्रश्नालाही येऊन भिडतो. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला छोटा स्पीकर कालमापक चिपच्या आधारे एका वेळी एकच स्वर काढी. ॲपल २ या संगणकासाठी संगीत निर्माण करणारी जोडकार्डे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मिळू लागली होती. त्यामुळे काही जण पहिलेपणाचा मान त्यांना देतात. पीसीपुरते बोलायचे तर सगळी दाटी १९८७ च्या आसपास आहे. कॅनडातील क्वेबेकच्या ॲडलिबचे कार्ड, आयबीएमचे म्युझिक फीचर कार्ड आणि सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीची म्युझिक सिस्टिम ही तिन्ही याच सुमाराची. कोव्हॉक्सचे स्पीच थिंगही तेव्हाचेच, पण ते स्लॉटमध्ये न बसता प्रिंटरच्या पोर्टला लागे. त्याला ‘कार्ड’ म्हणणे ओढूनताणून होते.

ॲडलिबचे संस्थापक मार्टिन प्रेव्हेल हे संगीताचे प्राध्यापक होते. त्यांच्या कार्डावर यामाहाची वायएम३८१२ चिप होती व ती एका वेळी ९ स्वर काढी. एका तरंगाने दुसऱ्याची कंप्रता बदलून स्वर घडवण्याची (एफएम) पद्धत स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ च्या सुमारास शोधली आणि १९७३ मध्ये निबंधरूपाने मांडली. यामाहाने त्यांच्याच पद्धतीचा परवाना घेतला होता. अर्थात हे कार्ड म्हणजे एक वाद्य होते. ध्वनिमुद्रित बोलणे वाजवण्यासाठी ते केलेलेच नव्हते. १९८९ च्या साउंड ब्लास्टरने तीच चिप घेतली आणि तिच्या जोडीला ८ बिटांचा एकपदरी (मोनो) अंकीय ध्वनी व जॉयस्टिकचे पोर्ट दिले. वाद्य आणि परिवर्तक (अंकीय ध्वनी व विद्युत् संकेत यांची अदलाबदल करणारा भाग) एका पाटीवर आणणारे कार्ड म्हणून आजच्या अर्थाने आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १९९२ च्या साउंड ब्लास्टर १६ मध्ये १६ बिट व ध्वनीचे नमुने घेण्याचा दर ४४.१ किलोहर्ट्‌झ, म्हणजे सीडीच्या तोडीचे आकडे आले.

कार्डातले वाद्य पुढे गौण होत गेले आणि परिवर्तक तेवढा उरला. पहिल्या पिढीचे कार्ड बदलले की जुन्या डॉस (विंडोजपूर्वीच्या प्रणालीवरील) खेळांचे संगीतच बदलते. नंतरचे बदलले तर बहुतेकांना फरक कळतही नाही.

सुटे भाग : कार्डावरच्या चिपा सहसा वर्षानुवर्षे टिकतात. आधी थकतात ते विद्युत् विच्छेदी धारित्र, म्हणजे दुकानात ज्यांना नुसते कपॅसिटर म्हणतात ते. आतला द्रव हळूहळू सुकतो, धारकता घटते, अंतर्गत रोध वाढतो. मग आवाजात गुणगुण येते, मंद्र स्वर पातळ होतात किंवा एक बाजू क्षीण होते. तापमान दर १० अंश सेल्सियसने उतरले की आयुष्य दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांना २,००० तासांचा कपॅसिटर ६५ अंशांना या हिशेबाने ३२,००० तास चालावा; रोज ८ तास वापर असेल तर ही सुमारे ११ वर्षे होतात. ४५ अंशांना हाच हिशेब ४० वर्षांपलीकडे जातो, पण त्यावर विसंबू नये. बुडाचे रबरी बूच त्याआधीच म्हातारे होते, म्हणून उत्पादक साधारणतः १५ वर्षांपलीकडचे आयुष्य धरत नाहीत.

साधारणपणे १९९९ ते २००७ या काळातले कपॅसिटर विशेष बदनाम आहेत. जपानी कंपनीचे द्रवाचे सूत्र अर्धवट चोरले गेले व तैवानमधील कारखान्यांनी ते तसेच वापरले, ही कथा त्या काळात फार पसरली. ती सिद्ध झालेली नाही. पाण्याचे प्रमाण जास्त असलेल्या द्रवात गंजरोधक द्रव्य अपुरे पडले, हायड्रोजन वायू साचला व टोपी फुगली, हे रासायनिक स्पष्टीकरण मात्र पटण्यासारखे आहे. त्यासाठी चोरी झालीच असली पाहिजे असे नाही. या दोषाचा मुख्य फटका मदरबोर्ड व पॉवर सप्लायला बसला. तेव्हा कार्डातून गुणगुण येते म्हणून कार्डच दोषी, असे समजणे घाईचे ठरते.

दोष ओळखणे : खरखर असल्यास आधी ३.५ मिलिमीटरचा जॅक हलवून पाहतात. मग कार्ड काढून त्याच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसतात आणि शक्य तर ग्राफिक्स कार्डापासून लांबच्या स्लॉटमध्ये ते पुन्हा बसवतात. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहणे ही त्याहून निर्णायक कसोटी होय. तेथे आवाज नीट आला तर कार्ड शाबूत आहे, बिघाड ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या आज्ञावलीचा. हे न करता नवे कार्ड आणणारे पुष्कळ असतात.

स्लॉट व ड्रायव्हर : कार्ड निकामी ठरते ते बहुधा भोवतालचा संगणक बदलल्यामुळे. आयसा, म्हणजे सुरुवातीच्या पीसींतील जोडकार्डांचे स्लॉट शतकाच्या वळणावर गेले. त्यांच्यामागून आलेले साधे पीसीआय स्लॉट २०११ नंतरच्या मदरबोर्डांवर विरळ होत गेले. ड्रायव्हरची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. १९९८ चे साउंड ब्लास्टर लाइव्ह हे तिचे चांगले उदाहरण. त्याची ईएमयू१०के१ चिप खेळातल्या दालनांचे व भुयारांचे प्रतिध्वनी स्वतः घडवी आणि प्रोसेसरचा भार हलका करी. विंडोज व्हिस्टाने ध्वनिरचना नव्याने बांधली, तीत डायरेक्टसाउंडचा (खेळांचा आवाज कार्डाकडे नेणाऱ्या विंडोजच्या भागाचा) हार्डवेअरपर्यंतचा मार्ग बंद झाला. कार्डाची मुख्य करामत एका फटक्यात निरुपयोगी ठरली. क्रिएटिव्हने आल्केमी नावाचा वळसा काढला, तो मुख्यतः नव्या कार्डांच्या कामी आला. ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचा ड्रायव्हर चालत नाही, त्यामुळे उरलेसुरले जुने ड्रायव्हरही गळाले. व्हिस्टाने जॉयस्टिकच्या पोर्टचीही साथ सोडली. लिनक्समध्ये मात्र याच चिपचा ड्रायव्हर अल्सा या ध्वनिव्यवस्थेत टिकून आहे. लाइव्हची एक खोड नोंदवण्याजोगी : आतला सारा व्यवहार ४८ किलोहर्ट्‌झवर चाले, म्हणून सीडीचा ४४.१ चा ध्वनीही आधी ४८ वर बदलला जाई.

ध्वनीचा दर्जा : ध्वनी गोंगाटाच्या किती वर राहू शकतो याची १६ बिटांची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल, २४ बिटांची १४६. दुसरा आकडा कोणतेच कार्ड गाठत नाही, कारण उष्णतेमुळे होणारा मंडलातील गोंगाट आधी आड येतो. इंटेलच्या २००४ च्या एचडी ऑडिओ मानकानंतर मदरबोर्डवरचाच ध्वनी १९२ किलोहर्ट्‌झपर्यंत व ८ पदरांपर्यंत (चॅनेलांपर्यंत) पोचला, आणि नेहमीच्या ऐकण्यासाठी वेगळ्या कार्डाची गरज जवळपास संपली. स्पीकर साधे असतील तर नव्या कार्डावरचा खर्च ऐकूही येत नाही. तो पैसा स्पीकर वा हेडफोनवर घालणे शहाणपणाचे. जास्त रोधाचे हेडफोन वापरणारे आणि घरी ध्वनिमुद्रण करणारे यांचे वेगळे.

पर्याय : यूएसबीने जोडायचे बाह्य साधन हा आज बहुधा योग्य पर्याय ठरतो. यूएसबी ध्वनिवर्गाचे मानक १९९८ पासून आहे. त्याला धरून असलेल्या साधनाला निराळा ड्रायव्हर लागत नाही, म्हणजे वर सांगितलेला रोग मुळातच टळतो. दुसऱ्या आवृत्तीचा अंगभूत ड्रायव्हर विंडोज १० मध्ये २०१७ साली आला. पेटीबाहेर असल्याने ग्राफिक्स कार्डाचा गोंगाटही कमी शिरतो. स्वस्त साधनांत एक उणीव असते : लाइन-इनची निळी खोबण नसते, फक्त एकपदरी माइक असतो. घरातल्या कॅसेटवरची नाट्यगीते व कीर्तने संगणकावर उतरवून घ्यायची असतील तर नेमकी ती खोबणच लागते. एवढ्यासाठी जुने कार्ड जपणारे आहेत, आणि त्यांचे चुकत नाही.

आयसा काळातली कार्डे, विशेषतः यामाहाची मूळ चिप असलेली, शक्यतो टाकू नयेत. जुना डॉस संगणक आजच्या संगणकात उभा करणारे डॉसबॉक्ससारखे अनुकरण बरेच जवळ जाते, तरी हौशी लोक मूळ चिपच शोधतात. कपॅसिटर बदलून अशी कार्डे उभी करता येतात; जुने व सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधण्याचा प्रघात आहे. खरोखर मेलेले कार्ड ई-कचरा ठरते. भारतात त्याची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत पुनश्चक्रण केंद्रांमार्फत व्हावी अशी अपेक्षा आहे.