ड्रोन पोटात, बॅटऱ्या पायाशी

परदेशी निघताना ड्रोन भरायची वेळ आली की बहुतेकांचे हात सवयीने चालतात. ड्रोन नाजूक, त्याचा कॅमेरा आणखी नाजूक, म्हणून तो हातातल्या बॅगेत. बॅटऱ्या, चार्जर, केबल हे सगळं जड आणि दणकट, म्हणून ते चेक-इनच्या बॅगेत, कपड्यांच्या घड्यांमध्ये. रेल्वेने किंवा गाडीने जायचं असेल तर हे बरोबरच आहे. विमानात मात्र नियम नेमका उलटा आहे. ड्रोन एक वेळ विमानाच्या पोटात जाईल, पण सुट्या बॅटऱ्या केबिनमध्ये, आपल्याबरोबरच हव्यात.

हा नियम पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो वेडेपणाच वाटला होता. जी वस्तू पेटू शकते, ती शेकडो माणसं बसलेल्या जागी कशाला? खाली मालकक्षात कोणी नसतं, तिथे आग विझवायची यंत्रणा असते, धुराचे सेन्सर असतात. मग तिथे का नको? याचं उत्तर बॅटरीच्या सेलच्या आत आहे.

ड्रोनच्या बॅटरीत लिथियम-आयन जातीचे दोन, तीन, चार किंवा सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलमध्ये दोन पातळ थर, एक धन आणि एक ऋण, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा, आणि सगळं भिजवणारा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. हा द्रव पाण्याचा नसतो. तो सेंद्रिय कार्बोनेटांचा असतो आणि चांगला जळतो. मधला पडदा फाटला, टोचला गेला किंवा वितळला, की दोन थर एकमेकांना टेकतात आणि आतल्या आतच शॉर्ट सर्किट होतं. सेल तापतो. साधारण १३० अंश सेल्सिअसला पॉलिइथिलिनचा पडदा वितळायला लागतो, म्हणजे शॉर्ट आणखी पसरतं. तापमान २०० अंशांच्या आसपास गेलं की बऱ्याच प्रकारच्या सेलमधला धन थर स्वतःच विघटित होऊ लागतो आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. आता इंधनही आत, ऑक्सिजनही आत, उष्णताही आत. या साखळीला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा ती सुरू झाली की बाहेरची हवा तोडून ती थांबत नाही, आणि एका सेलची उष्णता शेजारच्या सेललाही त्याच वाटेने नेते.

मालकक्षातली आग विझवायची पद्धत ध्यानात घेतली की नियमाचं कोडं सुटतं. तिथे हॅलॉन १३०१ नावाचा वायू सोडतात. तो ज्वालेतली रासायनिक साखळी तोडतो, म्हणून कापड, कागद, लाकूड यांच्या आगीवर तो उत्तम चालतो. (ओझोनच्या थराला घातक म्हणून विकसित देशांत त्याचं उत्पादन १९९४ पासून बंद आहे. विमानांत अजून जुना साठा शुद्ध करून वापरतात, कारण तितकाच चांगला पर्याय मिळायला फार वेळ लागला.) लिथियम-आयन सेलच्या बाहेर आलेली ज्वाला हॅलॉन दाबून टाकतो, पण सेलच्या आतली भट्टी त्याला विझवता येत नाही. वायू सेल थंड करत नाही. म्हणून शेजारचा सेल तापत राहतो, मग त्याच्या शेजारचा.

स्वतःचा ऑक्सिजन घेऊन आलेल्या आगीने विमान वाहतुकीला याआधीही धडा शिकवला होता, आणि त्यात बॅटरीचा संबंध नव्हता. ११ मे १९९६ रोजी व्हॅल्यूजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान फ्लोरिडातल्या एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं आणि त्यातले सर्व ११० जण गेले. मालकक्षात ऑक्सिजन तयार करणाऱ्या रासायनिक नळ्या होत्या. तो मालकक्ष हवाबंद ठेवला की आग गुदमरून विझेल, असं त्याच्या रचनेमागचं गृहीतक होतं. आगीने आपला प्राणवायू स्वतःच आणला होता, त्यामुळे ते गृहीतक कोलमडलं. त्यानंतर अमेरिकेत अशा मालकक्षांमध्ये धूर ओळखणारी आणि आग दाबणारी यंत्रणा सक्तीची झाली.

बॅटऱ्यांनी स्वतः दिलेला इशारा २०१० मधला. ३ सप्टेंबरला दुबईहून निघालेल्या, यूपीएस या कुरिअर कंपनीच्या बोइंग ७४७ मालवाहू विमानात उड्डाणानंतर वीसेक मिनिटांत आगीची सूचना आली. मालात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धूर कॉकपिटमध्ये शिरला, वैमानिकांना उपकरणं दिसेनाशी झाली आणि दोघेही वाचले नाहीत. १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, प्रवासी विमानांतून नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून न्यायला बंदी घातली.

तरी धोरणकर्त्यांचे दोन हात एकमेकांना विचारत नाहीत हे २०१७ मध्ये दिसलं. त्या मार्चमध्ये अमेरिकेने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या दहा विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना फोनपेक्षा मोठी उपकरणं केबिनमध्ये आणायला मनाई केली, बॉम्बच्या भीतीने. म्हणजे लॅपटॉप आणि त्यांच्या बॅटऱ्या सगळ्या खाली. त्याच वर्षी अमेरिकेच्याच विमान वाहतूक खात्याने, एफएएने, प्रयोग केला होता. पूर्ण चार्ज केलेला लॅपटॉप सूटकेसमध्ये, शेजारी केसांना मारायच्या ड्राय शाम्पूचा एरोसोल डबा, आणि बॅटरी मुद्दाम तापवलेली. आग लागल्यापासून मिनिटभराच्या आत डबा फुटला. हॅलॉनला आपलं काम करायला तेवढा वेळही मिळाला नसता. ती मनाई काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उठली.

वर, केबिनमध्ये, हिशोब वेगळा असतो. तिथे सेल धुमसायला लागला तर कोणाला तरी वास येतो, कोणीतरी ओरडतं. कर्मचारी आधी हॅलॉनच्या सिलिंडरने ज्वाला मारतात आणि मग त्यावर पाणी ओततात, पाणी नसेल तर दारू सोडून हाताला येईल तो द्रव. लिथियमवर पाणी नको हे शाळेत ऐकलेलं वाक्य इथे लागू पडत नाही. या बॅटऱ्यांमध्ये लिथियम धातूच्या तुकड्याच्या रूपात नसतो, आणि इथे पाण्याचं काम आहे सेल थंड करायचं, म्हणजे शेजारचे सेल साखळीत ओढले जाऊ नयेत. म्हणून बर्फ टाकायला किंवा वरून ब्लँकेट झाकायलाही मनाई असते. दोन्हींमुळे उष्णता आत कोंडते.

केबिनमध्ये ठेवणं म्हणजे नजरेसमोर ठेवणं, ही यातली खरी अट आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या बुसानच्या विमानतळावर एअर बुसानच्या विमानात उड्डाणाआधी आग लागली. ती लागली डोक्यावरच्या कप्प्यात, बंद झाकणामागे. १७६ जण बाहेर पडले, विमानाचं छत जळून गेलं. तपासकर्त्यांनी पॉवर बँकेच्या बॅटरीकडे बोट दाखवलं. त्यानंतर १ मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी केली. नियम पॉवर बँकेचा असला तरी ड्रोनच्या बॅटऱ्यांनाही मी तोच लावतो, आणि पिशवी पायाशी ठेवतो.

आता आकडे. विमान कंपनीला बॅटरीवर लिहिलेले एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-अवर, कळून उपयोग नसतो, तिला वॉट-अवर हवे असतात, कारण साठलेली ऊर्जा त्यात मोजतात. व्होल्टेज गुणिले अँपिअर-अवर, इतकंच गणित. डीजेआय या कंपनीच्या मॅव्हिक ३ ड्रोनची बॅटरी ५००० एमएएच, म्हणजे ५ अँपिअर-अवर, आणि १५.४ व्होल्टची, म्हणजे ७७ वॉट-अवर. एवढ्या विजेत एक लिटर पाणी २५ अंशांवरून जवळपास ९० अंशांपर्यंत तापतं, आणि यात इलेक्ट्रोलाइट जळून निघणारी उष्णता धरलेलीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्या सहसा विनापरवानगी चालतात. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्यांना विमान कंपनीची आधी मंजुरी लागते आणि माणशी दोनच नेता येतात. १६० च्या वरची प्रवाशाच्या सामानात मुळीच नाही. डीजेआयच्याच इन्स्पायर २ ड्रोनची टीबी५० बॅटरी ९७.५८ वॉट-अवरची आहे हा योगायोग नाही. बनवणाऱ्याने रेघ आधी पाहिली आणि मग बॅटरी आखली. १०० च्या खालच्या बॅटऱ्यांची संख्या मात्र प्रत्येक कंपनी वेगळी ठरवते, तेव्हा तिकिटावर ज्या कंपनीचं नाव आहे तिचाच नियम वाचावा. जोडफ्लाइट असेल तर दोन्ही कंपन्यांचा.

हौशी लोक एफपीव्ही रेसिंगसाठी, म्हणजे ड्रोनच्या कॅमेऱ्यातून पाहत शर्यत लावायला, जे लिपो (लिथियम-पॉलिमर) पॅक वापरतात त्यांची गोष्ट वेगळी आहे. २२.२ व्होल्टचा १३०० एमएएचचा पॅक जेमतेम २९ वॉट-अवरचा, म्हणजे नियमाच्या दृष्टीने क्षुल्लक. पण त्यावर १००सी लिहिलेलं असतं, म्हणजे पॅक तासाभरात रिकामा करणाऱ्या प्रवाहाच्या शंभरपट, १३० अँपिअर. हा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो हे मान्य करूनही, इतका प्रवाह वेल्डिंगच्या यंत्रातला असतो. त्याला कठीण आवरण नसतं, सेल मऊ पाकिटात असतात, आणि पिवळ्या कनेक्टरच्या तोंडाशी एखादी किल्ली किंवा नाणं आलं तर पुढचं सांगायला नको. कनेक्टरला टोपी, नसेल तर चिकटपट्टी, सगळे सेल सारखे चार्ज व्हावेत म्हणून असलेल्या बॅलन्सच्या छोट्या वायरीलाही पट्टी, आणि प्रत्येक पॅक वेगळ्या पिशवीत. फायबरग्लासच्या लिपो बॅगा चांगल्या आहेत, पण त्या ज्वाला अडवतात, धूर नाही. त्यांच्यावर जितका विश्वास ठेवला जातो तितक्याला त्या पात्र नाहीत असं माझं मत आहे.

बॅटरीत किती चार्ज ठेवायचा? भरलेल्या सेलमध्ये रनअवे लवकर सुरू होतं आणि जोरात होतं. मालवाहतुकीसाठी इकाओने ३० टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आहे. प्रवाशाला ती लागू नाही, पण तर्क तोच आहे. अगदी रिकामी करणंही चूक, कारण अतिडिस्चार्जने सेल आतून खराब होतो. मी तीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये ठेवतो.

उंचीवर दाब कमी होतो म्हणून बॅटरी फुटेल, ही भीती मात्र फोल आहे. केबिनमधला हवेचा दाब साधारण २४०० मीटर उंचीइतका राखतात, आणि प्रवासी विमानांचा मालकक्षही याच दाबाखाली असतो. लिथियम बॅटऱ्यांच्या वाहतुकीसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचणीत बॅटरीला ११.६ किलोपास्कल दाबात, म्हणजे जवळपास १५ किलोमीटर उंचीवर असतो तितक्या विरळ हवेत, निदान सहा तास ठेवतात. मऊ पाकिटाच्या सेलमध्ये आधीच वायू साचला असेल तर तो हवेत थोडा अधिक फुगेल, एवढंच. पण मग तो सेल जमिनीवरच टाकून द्यायचा होता.

फसगत होते ती विमानाच्या दारात. वरचे कप्पे भरले की कर्मचारी केबिन बॅगा मागून घेतात आणि खाली टाकतात. रांग पुढे सरकत असते, हातात बोर्डिंग पास असतो, आणि बॅगेच्या तळाशी चार बॅटऱ्या असतात. म्हणून सगळ्या बॅटऱ्या एकाच छोट्या पिशवीत, बॅगेच्या तोंडाशी, एका झटक्यात बाहेर काढता येतील अशा. रिमोट कंट्रोलरच्या पोटातही बॅटरी असते हे लोक विसरतात. तो खाली गेलाच तर पूर्ण बंद करून, बटण चुकून दाबलं जाणार नाही अशा बेताने.

विमानाचे नियम पाळले म्हणजे देशाचे पाळले असं नाही. मोरोक्कोत परवानगीशिवाय आणलेला ड्रोन विमानतळावरच काढून घेतात. इजिप्तमध्ये २०१७ च्या कायद्याने संरक्षण खात्याची मंजुरी लागते. युरोपीय संघात कॅमेरा असलेल्या, २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनच्या चालकालाही सहसा नोंदणी करावी लागते. परदेशात ड्रोन घेऊन तो भारतात आणायचा बेत असेल तर ९ फेब्रुवारी २०२२ ची आयातबंदी आधी वाचावी.

परतीच्या प्रवासात बॅटऱ्या पुन्हा मोजायच्या आणि एकेक हातात घेऊन पाहायच्या. ड्रोन कुठे आपटला असेल, बॅटरी पाण्यात पडली असेल, पोट किंचित फुगलं असेल, तर ती केबिनमध्येही चालत नाही आणि मालकक्षातही नाही. ती तिथल्याच बॅटरी संकलन केंद्रात जमा करायची आणि मोजणीत एक कमी धरून निघायचं.