मल्टीफोकल लेन्स बदलण्याची पार्श्वभूमी: आधी लेसर की आधी लेन्स?

डोळ्यात कृत्रिम लेन्स पहिल्यांदा बसली १९४९ साली, लंडनमध्ये. पुढची कित्येक वर्षं काळजी एवढीच होती, की लेन्स जागेवर राहील ना. ती काढावी लागे ती सरकली, डोळा सुजत राहिला किंवा बुबुळ पांढरं पडू लागलं म्हणून. ‘दिसतं सगळं, पण मनासारखं दिसत नाही’ एवढ्यासाठी नीट बसलेली लेन्स काढणं मल्टीफोकल, म्हणजे चष्म्याशिवाय लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्स, आल्यावर वाढलं.

अशा पहिल्या लेन्सला अमेरिकेत १९९७ साली परवानगी मिळाली. खरी लाट २००५ नंतरची. त्या वर्षी मे महिन्यात तिथल्या वृद्धांच्या सरकारी विमा योजनेने ठरवलं, की साध्या लेन्सइतका खर्च योजना देईल, चष्मा घालवणाऱ्या लेन्सचा वरचा फरक पेशंटने भरावा. निर्णय हिशेबाचा होता, पण त्याने पेशंटच बदलला. स्वतःचे पैसे मोजलेला माणूस पट्टी निघाल्यावर आधी पेपर हातात घेतो. आपल्याकडेही विम्याचं पॅकेज बहुधा साध्या लेन्सपुरतं आणि ‘प्रीमियम’चा फरक खिशातून. (‘प्रीमियम’ हा शब्द किमतीबद्दल खरं सांगतो, नजरेबद्दल काहीच नाही.)

प्रकाश मात्र पैशाने वाढत नाही. बारीक वर्तुळाकार पायऱ्या कोरलेल्या नेहमीच्या दोन-अंतरी लेन्समध्ये साधारण ४१ टक्के प्रकाश लांबच्या प्रतिमेला, ४१ टक्के जवळच्या, उरलेला वाया. म्हणून रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांभोवती कडी दिसतात आणि फिकी अक्षरं मेणकागदाआडून वाचल्यासारखी वाटतात. बहुतेकांना काही महिन्यांत सवय होते. ज्यांना होत नाही, त्यांच्यातही बऱ्याच जणांचा दोष लेन्सचा नसतोच. थोडा नंबर उरलेला असतो, डोळा कोरडा असतो, नाहीतर जाळी आलेली असते.

घोळ या जाळीपाशी आहे. मराठीत डोळ्याचा ‘पडदा’ म्हणजे रेटिना. पण लेन्स ज्या पारदर्शक पिशवीत बसवतात तिची मागची भिंत धुरकट झाली, की लोक ‘पडदा आला’ म्हणतात, ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणतात, आणि डॉक्टर ‘लेसरने जाळी साफ करू’ म्हणतात. साफ करणं म्हणजे त्या भिंतीला मधोमध भोक पाडणं. ऐंशीच्या दशकात रुळलेला हा यॅग लेसर पाच-दहा मिनिटांचा, न दुखणारा. त्यामुळे नाराज पेशंटवर पहिला हात त्याचाच पडत आला.

भोक बुजत नाही. नंतर लेन्स काढायची ठरली, की मागचा जेलीसारखा द्रव पुढे येतो, तो कापून काढावा लागतो, नवी लेन्स पिशवीत बसेलच असं नाही आणि रेटिनाचा धोका वाढतो. भिंत शाबूत असेल तर काम बरंच सरळ असतं: लेन्स आणि पिशवीच्या मध्ये शस्त्रक्रियेचं जेल भरून चिकटलेली पिशवी अलगद सुटी करायची, ६ मिलिमीटरची लेन्स आतच कात्रीने कापायची आणि अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून बाहेर ओढायची. लेन्सचे पाय (तिला पिशवीत धरून ठेवणाऱ्या बारीक काड्या) घट्ट रुतले असतील तर तेवढे आतच राहू देतात.

लेसरची बाजू घेणारे म्हणतात, जाळी खरीच असेल तर पाच मिनिटांत सुटणाऱ्या दुखण्यासाठी डोळा पुन्हा का उघडायचा? बरोबर आहे. पण तक्रार कधी सुरू झाली, हे आधी विचारायला हवं. आधी छान दिसत होतं आणि काही महिन्यांनी धूसर झालं, तर जाळीवर संशय घ्यावा. भिंत स्वच्छ असताना, पहिल्याच आठवड्यापासून कडी दिसत असतील, तर लेसर काय साफ करणार? आणि सवय होईल म्हणून फार थांबावं, तर पिशवी लेन्सला घट्ट धरत जाते.

२०१० च्या सुमारास युरोपात तीन-अंतरी लेन्स आल्या, मग फोकस लांबवणाऱ्या. मधलं, कॉम्प्युटरचं अंतर सुधारलं. कडी पूर्ण गेली नाहीत. आजही मल्टीफोकल काढल्यावर तिच्या जागी बहुतेकदा साधी, एकाच अंतराची मोनोफोकलच बसते, आणि वाचायचा चष्मा परत घ्यावा लागतो.