छोट्या व्यवसायांची ऑनलाइन व फोनवरील फसवणूक

फोन, ई-मेल, मेसेज किंवा बनावट संकेतस्थळ यांच्या आडून छोट्या व्यावसायिकाकडून पैसे, माल किंवा गोपनीय माहिती काढून घेण्याचे प्रकार. दुकानदार, कारागीर, सल्लागार, छोटे कारखानदार, दोन-चार माणसांवर चालणारी कार्यालये हे त्यांचे नेहमीचे लक्ष्य. संगणकात घुसून केलेल्या चोरीपेक्षा ही फसवणूक वेगळी असते. चोरीत पैसे मालकाच्या नकळत जातात. इथे मालक किंवा त्याचा कर्मचारी रक्कम स्वतःच्या हाताने भरतो, बहुधा रोजच्या कामाच्या ओघात आणि आपण बरोबर तेच करतो आहोत अशा समजुतीने. हा फरक वरवर शाब्दिक वाटतो, पण पैसे परत मिळण्याचा प्रश्न आला की सगळे घोडे इथेच अडते.

छोटा व्यवसाय भामट्यांना सोयीचा पडतो तो त्याच्या रचनेमुळे. फोन नंबर आणि ई-मेल पत्ता जाहीर करावाच लागतो, आणि अनोळखी माणसाचा फोन घेणे हे तर धंद्याचे कामच. ऑर्डर घेणारा, माल पाठवणारा आणि बिले चुकती करणारा माणूस अनेकदा एकच असतो. त्याच्या चुकीवर दुसऱ्या कुणाची नजर पडत नाही. घरगुती खात्यापेक्षा व्यवसायाच्या खात्यात जास्त रक्कम खेळती असते, मोठी देणी एका दमात चुकवली जातात, आणि नव्या नावाच्या खात्यावर पैसे गेले तरी कुणाला वावगे वाटत नाही. ‘आमच्याकडे लुटण्यासारखे आहे तरी काय’ हा समजही भामट्यांच्या पथ्यावर पडतो. एकेक सावज हेरत बसण्याची त्यांना गरज नसते. हजारो पत्त्यांवर एकच थाप पाठवली की काही जण गळाला लागतातच.

बिलातील फेरफार : सर्वांत मोठे नुकसान या प्रकारात होते. भामटा पुरवठादाराच्या किंवा खुद्द व्यावसायिकाच्या ई-मेल खात्याचा पासवर्ड मिळवतो आणि काही दिवस, कधी काही आठवडे, नुसता वाचत राहतो. कोणाचे किती येणे आहे, बिल कोणत्या तारखेला येते, पत्रात कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, हे सगळे त्याला कळते. मग नेमक्या वेळी पत्र येते : ‘लेखापरीक्षण सुरू असल्याने आमचे जुने खाते बंद आहे, या वेळची रक्कम सोबतच्या खात्यावर भरावी.’ बिल खरे, रक्कम खरी, मालही खरोखर मिळालेला. खोटा असतो तो फक्त खाते क्रमांक. पुरवठादाराने पैशांसाठी तगादा लावला की प्रकार उघडकीस येतो, आणि तोवर महिना उलटलेला असतो. घुसखोर मेल खात्यात एक छोटा नियमही लावून ठेवतो : अमुक पुरवठादाराकडून आलेली पत्रे थेट दुसऱ्या कप्प्यात जावीत. त्यामुळे खऱ्या माणसाने विचारपूस केली तरी ती मालकाला दिसत नाही.

पासवर्ड हाती न लागताही हे साधते. मूळ नावात एखादे अक्षर बदलून नवे डोमेन, म्हणजे ई-मेल पत्त्यातले ‘@’ नंतरचे नाव, घेतले जाते. रोमन लिपीतले ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी आले की घाईत ते ‘एम’सारखे दिसतात, ही युक्ती जुनी आहे आणि अजून चालते.

अमेरिकेच्या एफबीआयचे इंटरनेट गुन्हे तक्रार केंद्र अशा प्रकारांना ‘बिझनेस ई-मेल कॉम्प्रमाइज’ म्हणते. २०२३ मध्ये या केंद्राकडे त्याच्या २१,४८९ तक्रारी आल्या आणि नोंदवलेले नुकसान सुमारे २.९ अब्ज डॉलर होते. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासौस्कस याने २०१३ ते २०१५ या काळात क्वांटा या तैवानी हार्डवेअर कंपनीच्या नावाशी जुळणारी कंपनी नोंदवून गूगल आणि फेसबुककडून १२ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याने वापरलेली साधने पाहिली तर गंमत वाटते : बनावट बिले, करारपत्रे आणि शिक्के. त्यात तंत्रज्ञान असे फारसे नव्हतेच.

फोनवरचे तोतये : फोनवर बोलणारा स्वतःला बँकेचा, कर खात्याचा, वीज कंपनीचा किंवा संगणक दुरुस्ती कंपनीचा माणूस म्हणवतो. ‘तासाभरात वीज तोडली जाईल’ ही धमकी उपाहारगृहाला किंवा शीतगृहाला गर्दीच्या वेळी मिळाली की चौकशीला उसंत उरत नाही. भामटा वेळ मुद्दाम तशीच निवडतो. बँकेचा तोतया उलट धीर देतो : ‘तुमच्या खात्यावर संशयास्पद व्यवहार दिसतोय, पैसे सुरक्षित खात्यात हलवा’ किंवा ‘आलेला ओटीपी सांगा, म्हणजे व्यवहार रद्द करतो’. प्रत्यक्षात त्या ओटीपीनेच व्यवहार पुरा होतो. तिसरा तोतया संगणक दुरुस्तीचा. तो एखादे ॲप उतरवायला लावतो, आणि मग पडद्यावर जे जे दिसते ते ते पलीकडच्यालाही दिसते.

फोनच्या पडद्यावर आलेले नाव किंवा नंबर हा पुरावा नव्हे. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये हवा तो नंबर दाखवता येतो. अमेरिकेत २०२१ पासून मोठ्या दूरसंचार कंपन्यांना कॉलचा नंबर प्रमाणित करणारी ‘स्टर-शेकन’ ही पद्धत लागू करावी लागली. पण तीही फार तर नंबर बनावट नाही इतकेच सांगते. बोलणाऱ्याच्या सचोटीची हमी देत नाही. आता आवाजाचीही नक्कल होते. अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत आपल्या वरिष्ठांना पाहिले, त्यांचे बोलणे ऐकले आणि त्यांच्या सांगण्यावरून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ते चेहरे आणि आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले होते. हे प्रकरण २०२४ मध्ये उघडकीस आले.

न मागवलेल्या मालाची फसवणूक संगणकाहून जुनी आहे. आधी एक साधा फोन येतो : ‘तुमच्या झेरॉक्स मशिनचा मॉडेल नंबर काय?’ फोन घेणारा निरागसपणे सांगतो, नावही सांगतो. काही दिवसांनी टोनरची खोकी येतात आणि पाठोपाठ अवाच्या सवा बिल; त्यावर ऑर्डर देणारा म्हणून त्याच कर्मचाऱ्याचे नाव. अमेरिकेत न मागवलेल्या मालाचे पैसे देण्याचे बंधन नाही, तरी वाद नको म्हणून अनेक जण ते देऊन टाकतात. निर्देशिकांची, म्हणजे व्यवसायांची नावे-पत्ते देणाऱ्या याद्यांची, चाल हिचीच बहीण. ‘तुमची माहिती बरोबर आहे का, तपासून सही करा’ असा अर्ज येतो आणि बारीक अक्षरांत कित्येक वर्षांच्या वर्गणीचा करार असतो. छोट्या व्यावसायिकांच्या चारशेहून अधिक याचिका आल्यानंतर युरोपीय संसदेने डिसेंबर २००८ मध्ये अशा निर्देशिका कंपन्यांविरुद्ध ठराव केला. व्यापारचिन्ह किंवा डोमेन यांच्या नूतनीकरणाची सरकारी वाटणारी खोटी बिले याच वळणाची असतात. व्यापारचिन्हांच्या नोंदी सार्वजनिक असल्याने पत्ता आणि मुदत दोन्ही आयतीच मिळतात.

ग्राहकाच्या वेशात : कधी भामटा गिऱ्हाईक बनून येतो. मोठी ऑर्डर देतो, चुकून जास्त रकमेचा चेक पाठवतो आणि वरचे पैसे परत मागतो. बँकेत रक्कम जमा दिसते खरी, पण चेक वटलेला नसतो. तो काही दिवसांनी परत येतो आणि ‘परत’ केलेले पैसे व्यावसायिकाच्या खिशातून जातात. पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट आणि दुकानातल्या क्यूआर कोडवर चिकटवलेला दुसराच कोड हे याच जातीचे. गल्ल्यावरच्या माणसाने गिऱ्हाइकाच्या फोनकडे न बघता स्वतःच्या खात्यातली जमा बघितली की यातले बरेचसे तिथेच संपते. पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी देण्याची वेळ येत नाही, हेही त्याला माहीत असायला हवे.

ओळख : घाई, भीती, गुप्तता आणि गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो चलनातून पैशांची मागणी या खुणा सर्व मार्गदर्शिकांत सापडतात. त्या खऱ्या आहेत, पण अपुऱ्या. शुद्धलेखनाच्या चुकांवरून खोटे पत्र ओळखावे हा सल्ला तर आता कालबाह्य झाला आहे, कारण भाषा-प्रारूपे, म्हणजे मजकूर लिहिणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने, कोणत्याही भाषेत सफाईदार पत्र लिहून देतात. बिलातील फेरफारात तर बऱ्याचदा घाईही नसते, धमकीही नसते. पत्र कसे दिसते यापेक्षा ते काय करायला सांगते हे पाहणे जास्त उपयोगाचे. पैसे जाण्याची नेहमीची वाट बदला असे कोणीही, कोणत्याही गोड किंवा कडक शब्दांत सांगितले, की तिथे थांबायचे. खाते नवे, भरण्याची पद्धत नवी, मंजुरी देणारा माणूस नवा किंवा संपर्काचा नंबर नवा, यांतले एकही पुरे.

बचाव : सर्वांत परिणामकारक उपाय बिनखर्चाचा आहे. खाते बदलल्याचे कळले की आपल्याकडे आधीपासून नोंदवलेल्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करायची. त्याच पत्रात दिलेल्या नंबरवर करायचा नाही. बँकांमध्ये ज्याला मेकर-चेकर म्हणतात, म्हणजे एकाने व्यवहार मांडायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, ती पद्धत ठरावीक रकमेच्या वर दोन माणसांच्या कार्यालयातही पाळता येते. एकट्याने चालवलेल्या धंद्यात दुसरा माणूस नसतो. तिथे नव्या खात्यावरचा भरणा दुसऱ्या दिवसावर ढकलण्याचा नियम ते काम बऱ्यापैकी करतो. मालकाच्या नावाने आलेला हुकूम उलट फोन करून तपासला म्हणून कर्मचाऱ्याला बोलणी बसणार असतील, तर कोणताही नियम टिकत नाही. ही बाब तंत्रज्ञानाची नसल्याने तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

तांत्रिक बाजूला ई-मेल आणि बँक खात्यांसाठी द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खूण मागणारी), मेल खात्यातील पत्रे पुढे धाडणाऱ्या नियमांची अधूनमधून तपासणी आणि स्वतःच्या डोमेनसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या, पत्र खरोखर त्याच डोमेनचे आहे का हे तपासू देणाऱ्या, नोंदी एवढे केले तरी खूप झाले. डीमार्कमुळे आपल्या डोमेनच्या नावाने इतरांनी पाठवलेली बनावट पत्रे अडवता येतात. एक अक्षर बदलून घेतलेल्या डोमेनवर मात्र तिचा काही इलाज चालत नाही. काही देशांत बँका खातेदाराचे नाव आणि क्रमांक जुळतो का ते पैसे पाठवण्यापूर्वी दाखवतात. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी ही सोय २०२० मध्ये सुरू केली, तर युरो वापरणाऱ्या देशांत ती ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक आहे.

फसवणुकीनंतर : पहिले काही तास मोलाचे. रक्कम पहिल्या खात्यातून पुढे सरकण्याआधी बँकेला कळवले तर ती गोठवता येते. वर उल्लेखलेल्या अमेरिकी केंद्राच्या पथकाने २०२३ मध्ये हाताळलेल्या प्रकरणांत सुमारे ७५.८ कोटी डॉलर धोक्यात होते, त्यांपैकी ५३.८ कोटी रोखून धरण्यात यश आले. उशीर बहुतेक वेळा शरमेपोटी होतो : हिशेबनीस मालकाला सांगत नाही, मालक भागीदाराला.

पैसे गोठले नाहीत तर भरपाईचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, आणि व्यवसायांच्या वाट्याला ग्राहकांपेक्षा कमी संरक्षण येते. अमेरिकेतील १९७८ चा इलेक्ट्रॉनिक निधी हस्तांतरण कायदा ग्राहकांच्या खात्यांपुरता आहे; व्यवसायाचे खाते त्याच्या कक्षेत येत नाही. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून भरायला लावलेल्या रकमेची ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई करणे बँकांवर बंधनकारक झाले. त्यात दहापेक्षा कमी कर्मचाऱ्यांचे अतिलघू व्यवसाय येतात, त्यांहून मोठे छोटे व्यवसाय येत नाहीत.

एकदा गंडवल्या गेलेल्यांची नावे भामटे आपसांत विकतात. म्हणून काही आठवड्यांनी वकील, तपास अधिकारी किंवा ‘वसुली तज्ज्ञ’ असल्याची बतावणी करत नवा फोन येतो. गेलेली रक्कम त्याला नेमकी माहीत असते, आणि ती सोडवून आणण्यासाठी तो थोडे शुल्क आगाऊ मागतो.