देहसाचे (आघातोपचारातील)

देहसाचे : जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा, हाताचा किंवा धडाचा साचा घेऊन त्यातून प्रतिकृती काढण्याची आणि अशा प्रतिकृतींची मांडणशिल्पात (एखाद्या जागेत वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीत) योजना करण्याची पद्धत. युद्ध, लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, अपघात किंवा स्तन काढण्यासारखी शस्त्रक्रिया सोसलेल्या माणसांना सावरायला मदत म्हणून कलोपचारात, म्हणजे कलेच्या माध्यमातून केलेल्या मानसिक उपचारात, ती वापरतात.

साहित्य ओळखीचे आहे. हाड मोडल्यावर दवाखान्यात गुंडाळतात तेच प्लॅस्टर बँडेज. त्वचेला आणि विशेषतः भुवया, पापण्या व केसांच्या कडेला व्हॅसलिन चोपडतात, पट्ट्या कोमट पाण्यात भिजवून दोन-तीन थर बसवतात आणि दहा-वीस मिनिटे स्थिर राहायला सांगतात. चेहऱ्याचा साचा घेताना नाकपुड्या मोकळ्या ठेवतात. बारीक सुरकुत्याही उमटायला हव्या असतील तर आधी आल्जिनेट लावतात. समुद्री शेवाळापासून केलेला हा पदार्थ दातांचे डॉक्टर माप घ्यायला वापरतात. प्लॅस्टर घट्ट होताना तापते. पट्ट्यांचा पातळ थर नुसता उबदार लागतो, पण प्लॅस्टरच्या दाट लगद्यात हात बुडवून ठेवला तर गंभीर भाजते. म्हणून हे काम माहीतगाराविना करू नये.

खरी जोखीम मात्र वेगळीच आहे. ज्या देहावर कोणी जबरदस्ती केली, त्याच देहाला पुन्हा परके हात लागणार असतात. हलायचे नसते. चेहऱ्याचा साचा असेल तर डोळे मिटलेले आणि तोंड बंद. जुनी भीती उसळून यायला एवढे पुरेसे असते. म्हणून या पद्धतीत सर्वांत मोलाची गोष्ट एकच : निर्णय त्या व्यक्तीच्या हातात असणे. कोणता अवयव, कपड्यांवरून की त्वचेवर, कोणी लावायचे, कधी थांबायचे हे तीच ठरवते. थांबण्यासाठी हाताची खूण आधी ठरते आणि खूण दिसताच पट्ट्या काढल्या जातात, कारण विचारले जात नाही. सुरुवात बहुधा हातापासून होते. स्वतःच्या डाव्या हातावर उजव्या हाताने पट्ट्या लावता येतात, तेव्हा दुसऱ्याचा स्पर्शही लागत नाही. नंतर त्या कवचावर कोणी रंगवते, कोणी लिहिते, कोणी व्रणाच्या जागी सोनेरी रेघ ओढते. कोणी ते फोडून टाकते, आणि तेही पूर्ण झालेले कामच मानावे.

या वापराचा पूर्वज पहिल्या महायुद्धात सापडतो. खंदकांच्या लढाईत चेहरे छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांसाठी शिल्पकार फ्रान्सिस डरवेंट वुड यांनी 1916 मध्ये लंडनच्या वाँड्सवर्थ भागातील लष्करी रुग्णालयात मुखवट्यांचा विभाग उघडला. सैनिक त्याला ‘पत्र्याच्या नाकांचे दुकान’ म्हणत. वुड यांच्याकडून पद्धत समजून घेऊन बॉस्टनच्या शिल्पकार ॲना कोलमन लॅड यांनी 1917 च्या अखेरीस पॅरिसमध्ये अमेरिकन रेडक्रॉसच्या आश्रयाने कार्यशाळा थाटली. जखम भरल्यावर चेहऱ्याचा प्लॅस्टर साचा घ्यायचा, जुन्या छायाचित्रांवरून हरवलेला भाग मातीत घडवायचा, त्यावरून मिलिमीटरपेक्षाही पातळ तांब्याचा मुखवटा तयार करायचा आणि तो त्या माणसाच्या चेहऱ्यावर असतानाच त्वचेच्या रंगाशी जुळवत रंगवायचा. एकेका मुखवट्याला महिनाभर लागे आणि वजन 110 ते 250 ग्रॅम भरे. बहुतेकदा चष्म्याच्या दांड्यांनी तो कानांवर टिके. 1932 मध्ये फ्रान्सने लॅड यांना ‘लीजन ऑफ ऑनर’ हा सन्मान दिला.

(चेहरा परत देण्याच्या या इतिहासात पुण्याचेही नाव आहे. टिपूविरुद्धच्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानावर पुण्याच्या एका देशी कारागीर-वैद्याने केलेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापले. त्यातही मेणाचे पातळ नाक आधी बसवून पाहत, मग ते सपाट करून कपाळावर ठेवत आणि त्या मापाने कातडी सोडवत.)

लॅड यांच्या कार्यशाळेत फुले असत, सैनिकांना वाइन आणि चॉकलेट मिळे. माणुसकीचे ते मोठे काम होते. तरी मुखवट्याने जखम झाकली, ती मुख्यतः बघणाऱ्यांच्या नजरेसाठी. त्याच काळात इंग्लंडमधील सिडकप येथे, चेहऱ्याच्या जखमींच्या रुग्णालयाजवळ, काही बाके निळी रंगवली होती : तिथे बसलेला माणूस पाहून दचकू नये, असा तो इशारा. आजचा कलोपचार झाकण्याऐवजी दाखवायची मुभा देतो. अमेरिकेत बेथेस्डा येथील वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्राच्या आवारात मेंदूला इजा झालेले आणि युद्धोत्तर मानसिक आघाताने त्रासलेले सैनिक मुखवटे रंगवतात. तिथे तयार कोऱ्या मुखवट्यांवर, ओठ शिवलेले, कवटी फुटलेली, अर्धा चेहरा झेंड्याने व्यापलेला, असे जे शब्दांत सांगता येत नाही ते उमटते.

मांडणशिल्पात हा विचार सर्वांत खोलवर नेला तो कोलंबियाच्या दोरिस साल्सेदो यांनी. तिथले सरकार आणि फार्क या संघटनेचे बंडखोर यांच्यातील 2016 च्या करारानुसार खाली ठेवलेल्या शस्त्रांपासून तीन स्मारके व्हायची होती. बोगोटातील ‘फ्राग्मेंतोस’ त्यांपैकी एक. ते डिसेंबर 2018 मध्ये खुले झाले. सुमारे 37 टन शस्त्रे वितळवून तिथली फरशी ओतली आहे. त्यासाठीचे साचे मात्र कारागिरांनी केले नाहीत. युद्धात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांनी धातूच्या पत्र्यांना हातोड्यांनी ठोकून ठोकून पोचे पाडले आणि त्या पत्र्यांवरून साचे घेतले. इथे देहाची आकृती नाही, देहाचा जोर आहे. युद्धातल्या बंदुकांच्या धातूवर त्यांचा प्रत्येक घाव आता कायमचा राहिला आहे आणि लोक त्यावरून चालतात. आघात सोसलेल्यांबरोबर कला कशी करावी याचा यापेक्षा चांगला नमुना मिळणे कठीण.

मेक्सिकोच्या तेरेसा मार्गोयेस यांनी 2024 मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात मांडलेल्या कामात मेक्सिको आणि ब्रिटनमधील 726 पारलिंगी व स्त्री-पुरुष या चौकटीबाहेरील व्यक्तींच्या चेहऱ्यांचे साचे होते. हुआरेस शहरात खून झालेल्या आपल्या पारलिंगी मैत्रिणीला त्यांनी ते अर्पण केले. रचना प्राचीन मेक्सिकोतील कवट्यांच्या मांडणीसारखी होती, आणि प्लॅस्टर थेट त्वचेवर लावल्याने त्यात केस व रंगभूषेचे अंश अडकले होते.

साचा घेऊ देणे आणि तो लोकांपुढे ठेवू देणे हे दोन वेगळे होकार आहेत. ते वेगवेगळ्या वेळी, लेखी घ्यावेत आणि दुसरा मागे घेण्याची वाट उघडी असावी. चेहरा नसला तरी व्रण, तीळ, बोटांची ठेवण यांवरून माणूस ओळखू येतो, हे प्रदर्शनाआधी सांगायला हवे. साचा कोणाकडे राहणार हेही आधीच ठरवावे. तो मूळ व्यक्तीचाच असावा, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे. पुण्यामुंबईत बाळाच्या हातापायांचे ठसे घेऊन देणारे व्यावसायिक आहेत. त्यांना तंत्र येते, पण आघात झालेल्या व्यक्तीबरोबर काम करताना शेजारी मानसोपचारतज्ज्ञ हवा. घटना अगदी ताजी असेल, बंदिस्तपणाची भीती असेल, दमा असेल किंवा अचानक भान हरपत असेल, तर चेहऱ्याचा आणि धडाचा साचा टाळून हाताचा किंवा त्या व्यक्तीने निवडलेल्या वस्तूचा घेतात.