गाळणी कुलपाच्या आड येऊ नये

एका सोमवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर उघडला, तर इनबॉक्स कोरा. लिफ्टचा करार, पाणीपट्टी, सभासदांच्या तक्रारी, सहा वर्षांचे सगळे मेल रातोरात गायब. सेक्रेटरीकाका खुर्चीत नुसते बसून होते. "हॅक झालं का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. हॅक झालं नव्हतं. स्पॅम आणि व्हायरस दोन्ही अडवायला म्हणून घेतलेल्या पॅकेजनेच हा घोळ घातला होता.

बरेच मेल प्रोग्रॅम एका फोल्डरमधले सगळे मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकाखाली एक लिहून ठेवतात. या पद्धतीला एमबॉक्स म्हणतात. थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅमचं मूळ सेटिंगही हेच आहे. त्या फाइलच्या पोटात कुठेतरी एक घातक झिप सापडली आणि पॅकेजने अख्खी फाइलच उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागी, टाकली. त्याच्या लेखी ती एकच फाइल होती. आत हजारो पत्रं आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. आमचे मेल परत मिळाले. थंडरबर्डमध्ये हे टाळायची सोय आहे. प्रायव्हसी आणि सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये, अँटिव्हायरसला येणारा मेल सुटा तपासू देण्याचा एक पर्याय असतो. तो लावला की मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरतो आणि तपासणी झाल्यावरच इनबॉक्सला जोडला जातो.

तेव्हापासून स्पॅम फिल्टर घेताना मी आधी विचारतो, हा बसणार कुठे? किती स्पॅम पकडतो हे त्यानंतर.

सर्व्हर आणि तुमचा मेल प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसणारा फिल्टर मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. सर्व्हरवरून मेल येतो तो टीएलएसच्या, म्हणजे वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक लिपीच्या, बंद पाकिटातून. आयमॅप या पद्धतीने मेल आणत असाल तर बहुतेक वेळा 993 नंबरच्या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या त्या नंबरच्या दारातून. मधल्या फिल्टरला आत डोकवायचं तर ते पाकीट फोडावं लागतं आणि सर्व्हरच्या जागी स्वतःचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, पुढे करावं लागतं. मेल प्रोग्रॅम ते ओळखत नसेल तर तक्रार करतो आणि आपण वैतागून 'चालेल' म्हणून टाकतो. एकदा ही सवय लागली की उद्या खरोखरचा चोर मध्ये उभा राहिला तरी हात आपसूक त्याच बटणाकडे जातो.

सर्व्हरवरचा फिल्टर त्यापेक्षा बरा, कारण पाठवणाऱ्याची ओळख तिथेच नीट पटवता येते. मेल पाठवण्याचा एसएमटीपी हा नियम 1982 सालचा. त्यात पाठवणाऱ्याने जे नाव लिहिलं ते खरं मानलं जाई. म्हणून पुढे तीन तपासण्या आल्या. ज्या सर्व्हरवरून मेल आला त्याला त्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या) नावे पाठवायची परवानगी आहे का, हे एसपीएफ पाहतं. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही ठेवतं. आणि आपल्याला दिसणारं 'फ्रॉम'मधलं डोमेन या दोन्हींपैकी एकाने तरी तपासलेल्या डोमेनशी जुळतं का, हे डीमार्क बघतं. जीमेल खात्यांवर दिवसाला 5000 हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी 2024 पासून या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या.

इथेच काही फिल्टर माती खातात. संशयित मेलच्या विषयाला ते पुढे 'स्पॅम' असा शब्द चिकटवतात, नाहीतर खाली 'तपासलेला मेल' अशी ओळ जोडतात. डीकेआयएमची सही मजकुरावर असते आणि बहुधा विषयावरही. एक अक्षर वाढलं तरी पुढच्या तपासणीत ती सही खोटी ठरते. चांगला फिल्टर मजकुराला हात लावत नाही, वरच्या हेडरमध्ये, म्हणजे मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक नोंदींमध्ये, स्वतःची एक ओळ घालतो. सर्व्हरवर चालणारा स्पॅमअसॅसिन हा फिल्टर असं करू शकतो. तो मेलला गुण देतो, 5 किंवा जास्त झाले की स्पॅम, आणि हिशेब 'एक्स-स्पॅम-स्टेटस' या ओळीत लिहितो. थंडरबर्डमध्ये मेल उघडून कंट्रोल-यू दाबा, ती ओळ दिसेल. खात्याच्या जंक, म्हणजे स्पॅमच्या, सेटिंगमध्ये 'स्पॅमअसॅसिनच्या खुणेवर विश्वास ठेवा' अशीही सोय आहे. मात्र तुमच्या सर्व्हरवर तो खरोखर चालत असेल तरच ती लावा, कारण अशी ओळ पाठवणाराही स्वतः लिहून पाठवू शकतो.

शेवटची गाळणी मेल प्रोग्रॅममधलीच असावी, असं माझं मत आहे. ती बेझच्या शक्यता मोजायच्या सूत्रावर चालते. थॉमस बेझ हे इंग्लंडमधले पाद्री. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर 1763 मध्ये छापला गेला. समजा, 'लॉटरी' हा शब्द 100 पैकी 40 स्पॅममध्ये आणि 100 पैकी एकाच चांगल्या मेलमध्ये आला. स्पॅम आणि चांगले मेल सारखेच येत असतील, तर हा शब्द असलेला मेल स्पॅम असण्याची शक्यता 41 पैकी 40. 'सभासद', 'पावती', 'मेंटेनन्स' या शब्दांचा हिशेब आमच्या ऑफिसात अगदी उलटा निघतो. ही गाळणी तुमच्या पत्रव्यवहारावरून शिकते, आणि पासवर्ड कोणा तिसऱ्याच्या हाती द्यावा लागत नाही. ती मेल प्रोग्रॅमच्या कुलपांशी, म्हणजे त्याच्या सुरक्षेच्या सोयींशी, भांडतही नाही. थंडरबर्ड बाहेरून येणारी चित्रं आपणहून उतरवत नाही, त्यामुळे मेल उघडल्याची बातमी त्या चित्रांमार्फत पाठवणाऱ्याला पोचत नाही. जंक ठरलेला मेल तो आणखी साधा करून दाखवतो.

मात्र तिला शिकवावं लागतं. सेक्रेटरीकाका आता दर सोमवारी चहा येईपर्यंत जंक फोल्डर चाळतात. मागच्या आठवड्यात त्यात लिफ्टवाल्यांचं कोटेशन सापडलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, 'नॉट जंक' दाबलं आणि मला हाक मारून विचारलं, "आता पुढच्या वेळी ओळखेल ना?"