दीडशे किलो म्हणजे पाच पोरं नव्हेत

अंगणात मुलांसाठी ट्रॅम्पोलिन घ्यायचंय असं कुणी म्हणालं की गाडी हमखास याच प्रश्नावर येते, "लेबलवर १५० किलो लिहिलंय, आमची दोन आणि शेजारची तीन, सगळी पंचवीस-तीस किलोची, म्हणजे पाच जणं आरामात ना?" आणि समोरचा दुकानदार पण बिनधास्त हो म्हणतो. नाही हो, अजिबात नाही. हा हिशोब लिफ्टचा आहे.

लिफ्टमधली पाटी आपल्याला पाठच असते, ६ माणसं ४०८ किलो, माणशी ६८ धरलेले. तिथे सगळे गप उभे असतात, त्यामुळे नुसती बेरीज केली की झालं.

ट्रॅम्पोलिनवरचे १५० किलो म्हणजे उडी मारणाऱ्या एका माणसाचं वजन, तेवढं पाइप, स्प्रिंगा आणि मॅट झेलतील, बस. एका वेळी किती जणांनी चढायचं हा आकडा पूर्ण वेगळा आहे आणि घरच्या ट्रॅम्पोलिनला तो १ धरायचा, मग ते ८ फुटी असो की १४ फुटी. युरोपात घरगुती ट्रॅम्पोलिनचं जे मानक आहे, ईएन ७१-१४, त्यात तर एका वेळी एकच, नाहीतर टक्कर होईल असा इशारा द्यावाच लागतो.

आता असं का, तर मॅट कुणा एकाचं नसतं. मोठा माणूस खाली आला की मॅट खोल जातं आणि लगेच जोरात वर येतं, आणि नेमकं त्याच वेळी छोटं पोर खाली येत असेल तर त्याच्या पायाला मऊ कापड मिळतच नाही, वर येणारी फळी बसावी तसा दणका बसतो. थोडं टायमिंग इकडेतिकडे झालं तर तेच पोर स्वतःच्या ताकदीने कधीच गेलं नसतं एवढं उंच फेकलं जातं आणि खाली कसं यायचं हे त्याला कळत नाही. म्हणजे धोका बेरजेत नाही, वजनातल्या फरकात आहे! बाप ७० किलो, मुलगी १६ किलो, बेरीज ८६, लेबलच्या कितीतरी आत, आणि सगळ्यात वाईट जोडी हीच.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या भावोजींकडे १० फुटी ट्रॅम्पोलिनवर ते आणि माझी चार वर्षांची पुतणी हातात हात धरून उड्या मारत होते, सगळे मोबाइलवर शूट करत होते. ती पडली नाही, कशावर आपटली नाही, जाळी होती, पॅड होतं, नुसती दोन्ही पायांवर उतरली आणि खाली बसली ती उठेचना. एक्स-रेत गुडघ्याच्या जरा खाली नडगीचं हाड मोडलेलं. डॉक्टर बघताक्षणी म्हणाले, ट्रॅम्पोलिन का?

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०१२ मध्ये यावर सविस्तर लिहिलंय. साधारण ७५ टक्के दुखापती एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि त्यातही सोबतच्या जड मुलापेक्षा सगळ्यात लहान मुलाला धोका १४ पटीपर्यंत जास्त. ते तर घरी ट्रॅम्पोलिन ठेवूच नका म्हणतात. मी तेवढं टोक गाठत नाही, पण ६ वर्षांखालच्या मुलाला चढू देणार नाही म्हणजे नाही, शिडी काढून ठेवायची.

बाकी लोक ज्यावर तासन्‌तास घालवतात ते, गोल की चौकोनी? गोल घ्या, उडी मधेच राहते. चार फुटी, हँडल असलेलं? ते मोठ्यांच्या व्यायामाचं, बागेतलं नव्हेच. जाळी मात्र मॅट आणि स्प्रिंगांच्या मध्ये लावलेलीच हवी, बाहेरच्या खांबांवरून सोडलेली मला आवडत नाही, पाय स्प्रिंगांत जायला मोकळा राहतो. पाइप गॅल्व्हनाइज्ड, कारण कोकणात एका पावसात गंज चढतो. चहूबाजूंनी सहा-सात फूट मोकळी जागा, वर आंब्याची फांदी नको, खाली फरशी नको. आणि गच्चीवर तर कृपा करून नकोच.

साइज जागेवरून आणि घरातल्या सगळ्यात उंच मुलावरून ठरवा, मुलं किती त्यावरून नाही. भावोजींकडे आता पन्नास उड्यांचा नंबर असतो, बाकीची पोरं खाली गवतावर बसून मोठ्याने मोजतात आणि एकोणपन्नासला "उतर!" म्हणून ओरडायला लागतात.